मैदान पहाटे साडेचारला उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम तोंडावर आला आहे. थोड्याच दिवसांत उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतील, आणि नेमक्या त्याच दिवसांत जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांचा सगळ्यात लांब पल्ल्याचा सराव सुरू होईल. दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर, पहाटेच्या एकाच अंधारात होतात. म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. जानेवारीत लिहून काही उपयोग नाही.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे. वय 46. यंदा जानेवारीत मुंबईत मी आयुष्यातली पहिली पूर्ण मॅरेथॉन धावले. 42.195 किलोमीटरला साडेपाच तासांच्या थोडा वर वेळ लागला. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत विजेत्यांचे, नटनट्यांचे आणि रंगीबेरंगी वेशात धावणाऱ्यांचे फोटो येतात. ते यावेतच. पण मॅरेथॉन त्या एका सकाळी होत नाही. ती आधीचे सहा-सात महिने गावोगावच्या रस्त्यांवर होते, आणि तिथं काय चालतं याबद्दल कुणी लिहीत नाही.

दम लवकर वाढतो. नेमाने धावलं तर दोन महिन्यांत पाच-सहा किलोमीटरला धाप लागेनाशी होते. हाडांना आणि स्नायूबंधांना मात्र भार पेलायला त्याहून बराच जास्त काळ लागतो. दम आहे म्हणून जो घाईने अंतर वाढवतो, त्याच्या नडग्या धरतात, टाच दुखते, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. म्हणून अंतर आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं वाढवायचं, मध्येच एखादा आठवडा कमी करायचा, आणि रविवारी एक लांब पल्ला. 15, 18, 22 करत करत डिसेंबरात 30 किलोमीटरपर्यंत जायचं. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर उतरवत आणायचं, म्हणजे शरीर भरून निघतं. 30 किलोमीटर धावायला माझ्यासारखीला चार तास लागतात. दुकान सकाळी नऊला उघडतं आणि रात्री दहाला बंद होतं. रविवारीही निम्मा दिवस उघडंच असतं. म्हणजे लांब पल्ल्याला घराबाहेर पडायचं ते पहाटे साडेचारलाच. नोकरी-धंदा करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या कुणाचंही गणित याहून वेगळं निघत नाही.

आणि त्या वेळी रस्त्यावर मी एकटी नसते. आमच्या भागात पहाटे खरी धावतात ती भरतीची मुलं-मुली. पोलीस भरतीत मैदानी चाचणीचे 50 गुण असतात. त्यातले 20 गुण एकट्या धावण्याला आहेत, मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800. एखाद्या सेकंदाने गुण जातो आणि गुणाने नोकरी जाते. ही पोरं बायपासवर डांबरावर पळतात. घड्याळ लावलेला एकजण कडेला मोबाइलचा उजेड धरून उभा असतो. पायात झिजून गुळगुळीत झालेले, तळ गेलेले बूट. आणि मग दिवसभरात त्यातलंच कुणीतरी माझ्या काउंटरवर येतं, ‘ताई, पेनकिलर द्या, उद्या पळायचंय.’

यावर मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण औषधं हा माझा विषय आहे. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन पोटात घेऊन धावू नका. धावताना घाम जातो, शरीरातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा आधीच घटलेला असतो. त्यात या गोळ्या तो आणखी घटवतात. शिवाय दुखणं हा शरीराने दिलेला इशारा असतो. तो दाबून धावलात तर नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊन दोन-तीन महिने घरी बसावं लागतं, तोवर भरती होऊन जाते. ओआरएसचं, म्हणजे क्षार-साखरेच्या पावडरीचं, मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते अर्ध्या बाटलीत ओतून घट्ट करून प्यायल्याने ताकद येत नाही, पोट बिघडतं. आणि लांब अंतर धावताना नुसतं पाणीच ढोसत राहणंही धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम उतरतं. मीठ, साखर, लिंबू घातलेलं सरबत बरोबर ठेवा. बायकांनी तर सराव सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, ती अंगी लागत नाही. काही मुलं दबक्या आवाजात ‘ताकदीचं इंजेक्शन’ विचारतात. त्यांना मी बाकावर बसवते आणि हे सगळं समजावून सांगून परत पाठवते. दुसरीकडून ती घेत असतील का, या विचाराने मला खरंच त्रास होतो.

आता रस्त्याबद्दल. नोव्हेंबरपासून आमच्या रस्त्यावर रात्रंदिवस ऊस वाहतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, आणि ऊस ट्रॉलीच्या रुंदीबाहेर दोन्ही बाजूंना हात-हातभर आलेला. पुढं दिवा असतो, कधी एकच. मागं काहीच नसतं. ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. असली तर ती चिखलाने माखलेली किंवा लोंबत्या वाढ्याआड, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याआड, गेलेली. मी नेहमी समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने धावते. पण ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्यावरचं गाणं ऐकू येतं, तेही इतकं मोठ्याने की मागून दुसरं काही येतंय का हे कळत नाही. ट्रॉली शेजारून जाते तेव्हा उसाचा पाला दंडाला ओरबाडून जातो. रस्त्यावर सांडलेल्या कांड्या अंधारात पायाखाली येतात आणि घोटा मुरगळतो. ट्रॅक्टरचालकांबद्दल माझी तक्रार नाही. तेही रात्र-रात्र जागे असतात, पोटासाठी पळत असतात. कारखान्याच्या गेटवर, वजनकाट्यावर ट्रॉली उभी असते तेव्हा मागं लाल पट्टी आहे का हे बघायला कितीसा वेळ लागतो? रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा दर हंगामात होतात, फोटोही छापून येतात. त्या पहिल्या पंधरवड्यात आटपतात आणि हंगाम तर मार्चपर्यंत चालतो.

मग मैदानावर का धावत नाही, असं कुणीही विचारेल. मैदान आहे. सरकारी पैशातून झालेलं, चांगली मातीची धावपट्टी असलेलं, भोवती भिंत आणि लोखंडी गेट असलेलं मैदान आमच्या गावात आहे. ते सकाळी साडेसहाला उघडतं. हिवाळ्यात तोवर उजाडायला लागतं, आणि भरतीच्या पोरांची कामावर जायची वेळ झालेली असते. आम्ही काहीजणांनी लेखी विनंती केली. उत्तर तोंडी मिळालं की लवकर उघडलं तर नको ते लोक आत बसतात. नको ते लोक रात्रीच भिंतीवरून उडी मारून आत बसतात, सकाळी बाटल्या तिथंच पडलेल्या असतात. पहाटे तिथं पन्नास माणसं धावायला लागली तर त्यांना बसायला जागा राहणार नाही. स्वच्छतागृह बांधलेलं आहे, तेही कुलपात. बायकांच्या दृष्टीने ही गोष्ट किती मोठी आहे हे पुरुष वाचकांना सांगावं लागेल. चार तास घराबाहेर राहायचं, पाणी प्यायचं, आणि वाटेत एकही उघडं स्वच्छतागृह नाही. पेट्रोल पंपावरचंही पहाटे बंद. मग पाणी कमी प्यायचं, आणि कमी पाणी पिऊन लांब धावायचं. यातून काय होतं ते वर लिहिलंच आहे.

मी यातून मार्ग काढला तो असा. एसटी स्टँडपासून मार्केट यार्डापर्यंत सुमारे दीड किलोमीटर रस्त्यावर दिवे आहेत. माझा लांब पल्ल्याचा बराचसा सराव त्याच पट्ट्यात झाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत. स्टँडवरच्या चहावाल्याने माझी सरबताची बाटली ठेवायला फळीवर जागा करून दिली होती. कुत्र्यांना माझी सवय झाली. मात्र एका जागी सारखं वळून पाय दुखतात, आणि सपाट रस्त्याने मुंबईच्या चढांची तयारी होत नाही. तेव्हा काही रविवारी गावाबाहेर जावंच लागलं. त्या दिवशी आमचे हे स्कूटर घेऊन मागून येत. माझ्या वेगाने म्हणजे ताशी सात-आठ किलोमीटरने, तीन-तीन तास, कडाक्याच्या थंडीत, कानटोपी घालून. स्कूटरच्या उजेडात माझी सावली पुढं पडायची आणि मी तिच्यामागं धावायचे. सासूबाई आदल्या रात्री रताळी उकडून ठेवायच्या, पिशवीत गुळाचे खडे आणि खजूर बांधून द्यायच्या. ‘पोरी, एवढं लांब जाऊन मिळतं काय?’ हा प्रश्न मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

माझ्यामागं स्कूटर होती, ती नसती तर मी मॅरेथॉन धावू शकले नसते. शेजारच्या वाडीवरून भरतीसाठी एक मुलगी सायकलवरून येते. वडील नाहीत, आई ऊसतोडीला मजुरांबरोबर जाते. तिच्याबरोबरची मुलं पाच वाजता अंधारात पळायला लागतात आणि ही उजाडायची वाट बघत स्टँडच्या दिव्याखाली उभी असते. तेवढ्या वेळात ती जागच्या जागी गुडघे उचलून उड्या मारते, अंग गरम ठेवते. उजाडेपर्यंत बायपासवर वाहनं वाढलेली असतात. 800 मीटर सलग मोकळा रस्ता तिला फार क्वचित मिळतो. ती मुलांच्या मागं पडली तर तो दोष तिच्या पायांचा नाही.

मुंबईची ती सकाळ मला याच कारणासाठी सांगायची आहे. मी ठाण्याला मावसबहिणीकडे उतरले होते. मॅरेथॉनसाठी रेल्वे पहाटे जादा लोकल सोडते. डब्यात सगळ्यांच्या छातीवर नंबर, कुणी केळं सोलतंय, कुणी बोटांना व्हॅसलीन लावतंय, कुणी डोळे मिटून बसलंय. अंधारातच सीएसएमटीहून शर्यत सुटली. मरीन ड्राइव्हवर वारा गार होता आणि हजारो पावलांचा आवाज तेवढा येत होता, बोलत कुणीच नव्हतं. पेडर रोडचा चढ मी ठरवून हळू चढले. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात अर्धी मॅरेथॉन आधी धावलेली असल्याने चढाची भीती नव्हती. सी लिंकवर पोहोचले तेव्हा फटफटत होतं. पाच किलोमीटरच्या वर लांबीचा तो पूल एरवी पायी जायला बंद असतो, आणि त्या दिवशी त्यावर मी, गावाकडची एक औषधं विकणारी बाई, मधोमध धावत होते. माहीमला आणि शिवाजी पार्कला लोक दुतर्फा उभे. आजीबाई, शाळेची मुलं, ढोलताशे. कुणी मिठाचे खडे, कुणी संत्र्याच्या फोडी, कुणी गोळ्या-बिस्किटं पुढं करत होतं. छातीवरचं नाव वाचून लोक हाक मारत होते. त्या हाकांनी पाय चालतात, हे खरं आहे.

तीस किलोमीटरच्या पुढं अंतर जड होत गेलं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण त्या सुमारास संपत येते, मग शरीर चरबीवर चालायला लागतं आणि वेग एकदम पडतो. पाय लाकडासारखे झाले. त्यातच पेडर रोड पुन्हा चढायचा होता. मी खिशातला गुळाचा खडा तोंडात धरला आणि चालत चढले. वरच्या वळणावर एका पोलीस ताईने कडेचा अडथळा बाजूला करून मला सावलीच्या बाजूने काढलं आणि म्हणाली, ‘ताई, आता उतारच आहे.’ तीही कधीतरी कुठल्यातरी गावच्या रस्त्यावर 800 मीटर पळाली असणार. उताराला पाय सुटले, मरीन ड्राइव्हवर ऊन चढलेलं होतं, आणि शेवटचं अंतर मी धावत पार केलं. पदक गळ्यात पडलं तेव्हा रडू आलं. आमचे हे गर्दीत मला शोधत होते, त्यांना मी दिसले नाही. मला ते दिसले.

त्या सकाळी मला काय काय मिळालं याची मी वाटेतच उजळणी करत होते. मोकळा रस्ता. ठराविक अंतरावर पाणी. फिरती स्वच्छतागृहं. डॉक्टरांचे तंबू, फवारे घेऊन उभे असलेले स्वयंसेवक. चौकाचौकात पोलीस. एका सकाळसाठी एवढं मोठं शहर हे सगळं करू शकतं. आमच्या गावाकडे मी याच्या शंभराव्या भागाची मागणी करते आहे, पण ती वर्षभरासाठी.

लांब अंतराची धाव हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा शौक आहे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आपल्याच भागाचा इतिहास माहीत नाही. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी लांब अंतर धावताना उद्योगपती दोराबजी टाटांनी पाहिली आणि तिथूनच भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवायचं त्यांच्या मनाने घेतलं. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि 19 वे आले, 2 तास 50 मिनिटांत. सदाशिव दातारही त्याच शर्यतीत उतरले होते. बायकांना ऑलिंपिकची मॅरेथॉन धावायला मिळाली ती थेट 1984 साली. आमच्या शेजारच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनच्या भारतीय महिला गटात 2012 पासून ओळीने तीन वर्षं पहिला नंबर काढला आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली. या मातीतल्या पोरींच्या पायात काय आहे ते यावरून कळावं. त्यांना मैदान मात्र साडेसहाला उघडून मिळतं.

मागणी साधी आहे. जिथं जिथं सरकारी पैशातून मैदान उभं राहिलं आहे, तिथलं गेट पहाटे साडेचारला उघडावं, निदान नोव्हेंबर ते मार्च या काळात तरी. धावपट्टीच्या दोन टोकांना दोन दिवे लागावेत. स्वच्छतागृहाचं कुलूप त्याच वेळी निघावं आणि आत पाणी असावं. आणि साखर कारखान्यांनी मागं लाल पट्टी नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊ नये. पहिले पंधरा दिवस नव्हे, हंगाम संपेपर्यंत. मॅरेथॉन धावणाऱ्यांचा यात फायदा आहेच. त्याहून जास्त फायदा भरतीच्या पोरांचा आहे, आणि पहाटे शेतात पाण्याची पाळी धरायला सायकलवर निघणाऱ्या माणसाचाही आहे.

रखवालदाराचा पगार परवडत नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. त्यावर आम्ही धावणाऱ्यांपैकी काहीजणांनी आठवड्याचे वार वाटून घेतले आहेत. ज्याचा वार असेल त्याने किल्ली आदल्या संध्याकाळी सही करून न्यायची, पहाटे गेट उघडायचं, साडेसहाला किल्ली परत करायची. तसा लेखी अर्ज नावांसह पुन्हा दिला आहे. मंगळवार आणि रविवार माझ्याकडे आहेत. हंगामातली उसाची पहिली मोळी पडायच्या आत त्यावर निर्णय व्हावा, एवढी विनंती आपल्या दैनिकामार्फत करते.

आपली,
एक वाचक, कृष्णाकाठ
(नाव व पत्ता आपल्याकडे कळवला आहे.)